पापुद्र्याची तिसरी काच

लॅबमध्ये त्याला सगळे पापुद्रा म्हणत. मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचे, फुंकरीने उडतील असे काप काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावीस वर्षं तेच काम, एकही काप फाटला नाही.

दादाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली आणि तिचा तुकडा त्याच्याच टेबलावर आला. घरच्यांचा नमुना दुसऱ्याकडे द्यायचा, हा नियम. पापुद्र्याने दिला नाही.

काचा तपासणाऱ्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं. पेशीतल्या ज्या प्रथिनाचं काम संपतं, त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी खूण लागते. एक एन्झाइम ती खूण पुसून टाकतं. मग जे संपायला हवं ते टिकतं, आणि गाठ फोफावते. नवं औषध नेमकं ते एन्झाइम अडवतं. काप काचेवर घेऊन रंगवला, की ते एन्झाइम असेल तिथे तपकिरी रंग चढतो. ज्याची काच गडद तपकिरी, त्यालाच औषध मिळणार.

दादाची पहिली काच ना धड फिकी, ना धड गडद. ती बाईंना दाखवायची सोडून पापुद्र्याने फुटक्या काचांच्या डब्यात टाकली. दुसरीही तशीच. तिसरी त्याने रंगात दोन मिनिटं जास्त ठेवली.

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. सोबत नेहमी एक तपासणीची काच रंगवतात, जिच्यात ते एन्झाइम नसतंच. तीही तपकिरी झाली होती, म्हणजे दादाच्या काचेवरचा रंगही भरवशाचा नव्हता.

"पुन्हा काप काढा," त्या म्हणाल्या.

"तुकडा संपला. नुसतं मेणच उरलंय, बाई."

फुटक्या काचांचा डबा सकाळीच भट्टीत गेला होता. नवा तुकडा काढायला दादाच्या घशातून दुर्बीण घातली, ती गाठीने अरुंद झालेल्या अन्ननलिकेतून पुढे सरकेना. पुन्हा रेटली तर नळी फाटेल, म्हणून सर्जननी हात टेकले.

संध्याकाळी त्याने दादाला सगळं सांगितलं. वहिनी सूप गाळत होती, तिचा हात थांबला.

"पहिली काच बाईंनी पाहिली असती तर?" दादाने विचारलं. आवाज खरखरीत झाला होता.

"त्यांनीच ठरवलं असतं. कदाचित हो म्हणाल्या असत्या."

दादाने रिकामी वाटी पुढे ओढली.

"शाळेतही माझी गणितं तूच करून द्यायचास," तो म्हणाला. "मास्तर दोघांनाही उभं करायचे."

पापुद्र्याला हसू आलं नाही. वहिनीने सूप पुन्हा एकदा गाळलं, आणखी पातळ केलं. दादाने घोट घेतला. तिघंही वाट पाहत राहिले, तो खाली उतरतो का.