स्टेजमागचं शटर

ताज्या प्लायवूडचा वास आला की दिल्लीजवळच्या मानेसरचं ते जुनं गोदाम आठवतं. त्याचा हॉल करताना, मालकाच्या हट्टापुढे नमून, कंत्राटदार म्हणून मी मागचं शटर स्टेजच्या शोभिवंत प्लायवूडच्या भिंतीआड पक्कं बंद केलं होतं. पहिलाच कार्यक्रम आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीचा. गर्दी पाहून बायकोने विचारलं, “अहो, मागे दार आहे ना?” “आहे की, स्टेजमागे,” मी बोलून गेलो. “अच्छा, मग आईंना तिकडेच बसवते. काही झालं तर जवळ पडेल.” तिने आईची चाकांची खुर्ची त्या भिंतीला टेकवली. खरं सांगितलं तर पळापळ होईल, म्हणून मी कार्यक्रमभर खुर्ची धरून उभा राहिलो. काही घडलं नाही; दुसऱ्या दिवशी मी भिंत फोडून शटर मोकळं केलं. पण “माझा मुलगा क्षणभरही हलला नाही,” असं आई अजून कौतुकाने सांगते, आणि मी मान खाली घालतो.