पाव्हण्यांची नावं

शेळगावला मामेबहिणीच्या लग्नात साउंडवाला बारामतीहून आला होता. तो 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणत नसे. हातातल्या माइकमध्ये "सर्जेरावआबा, विष्णुतात्या" असं म्हणत तो थेट मांडवाच्या टोकापर्यंत जायचा, तिथं कान द्यायचा आणि परत येऊन एक बटण केसभर फिरवायचा. बेसच्या खोक्यानं जाड आवाज कुठं सोडायचा आणि भोंग्यानं बारीक आवाज कुठून उचलायचा, ते त्या बटणावर ठरायचं. भोंग्यानं फार खालून उचलला की सर्जेराव केकाटायचे, फार वरून उचलला की पिंपात पडायचे.

नवरदेवाचे मित्र बेस वाढवा म्हणून मागं लागले. तो हसून म्हणाला, "वरातीला वाढवू की. गाणं कसंबी वाजलं तरी कुणी रुसत न्हाय. सत्काराला पाव्हण्याचं नाव कळलं न्हाय, तर त्यो जेवायला थांबत न्हाय."

सत्कार झाले. पार मागच्या रांगेतले सर्जेरावआबाही आपलं नाव ऐकून टोपी सावरत उठले. शेवटी मामांनी आचारी, मांडववाले, घोडेवाले या सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले आणि "आपले साउंडवाले" म्हणून माइक ठेवला.

मी ओशाळून मागं पाहिलं. तो मांडवाच्या टोकाला कानामागं हात धरून उभा होता.

"साउंडवाले," तो खुशीत म्हणाला, "हितपर्यंत स्वच्छ आलं बघा."