येतो म्हणून गेला

माझा नवरा कोथरूडमध्ये जन्मला, तिथेच वाढला आणि महापालिकेच्या तलावात पाठीला डबा बांधून पोहायला शिकला. अशा माणसाला समुद्राचं वेड लागायचं काही कारण नव्हतं. पण हिंजवडीच्या कंपनीने त्याला वर्षभरासाठी परदेशी धाडलं, ते नेमकं समुद्रकाठच्या गावी. लोक ऑनसाइटहून येताना चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात. हा लाटांवर उभं राहायची फळी घेऊन आला. ती लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार किलकिलं करून विचारलं, "इस्त्रीचं टेबल का? जरा मोठंच घेतलंत."

सासूबाई त्या फळीला पाट म्हणायच्या. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली ती आडवी पडलेली असे आणि तिच्यावर साबुदाण्याच्या पापड्या घालायची त्यांना फार इच्छा होती. मला मात्र ती डोळ्यांसमोर नको असायची. मे संपत आला की हा ऑफिसातून आल्या आल्या हवामानाचे नकाशे उघडून बसायचा. वादळ लांब भर समुद्रात असतं तेव्हा किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं, पण त्याने ढकललेल्या लाटा आधीच येऊन पोचतात. एरवी वर्षभर मिळत नाहीत अशा लाटा त्या दोन-चार दिवसांत मिळतात, असं तो मला समजावून सांगे. त्यातलं मला 'वादळ' एवढंच ऐकू येई.

त्या वर्षीही अरबी समुद्रात वादळ तयार झालं आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडीच्या टपावर फळी बांधून हा कोकणात निघाला. बरोबर येणाऱ्या मित्राला ऐनवेळी ऑफिसने थांबवून घेतलं, तेव्हा हाही थांबेल असं मला वाटलं होतं. दारात चपला घालून तो म्हणाला, "येतो." सासूबाई आतून म्हणाल्या, "ये."

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणायची सोयच नव्हती. लहानपणी एकदा शाळेला निघताना तो 'जातो' म्हणाला, तर सासूबाईंनी त्याला जिन्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि 'येतो' म्हणवून मगच सोडलं. बस चुकली, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. जाणारा माणूस परत यायचा असतो, मग त्याने तसंच म्हणावं, एवढं त्यांचं साधं म्हणणं होतं. त्यानंतर तो कधी चुकला नाही. फोन ठेवतानासुद्धा 'येतो' म्हणायचा आणि मी त्याची टिंगल करायचे.

रविवारी सकाळी टीव्हीवर खाली लाल पट्टी धावू लागली. वादळाने दिशा बदलली होती आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असं सांगत होते. मी फोन लावला.

"मच्छीमारांना सांगितलंय," तो हसत म्हणाला. "मी कुठे मासे धरतोय?"

"आत्ताच्या आत्ता निघ."

"अगं, इथे ऊन पडलंय. काल तर काहीच मिळालं नाही. आज एकदाच..."

"एकदाच काय? तुझ्या एकदाचपायी मी इथे जीव टांगून बसू? तुला घरी दोन माणसं आहेत एवढं तरी आठवतंय का?" याच्याही पुढे मी बरंच बोलले आणि त्याला उत्तराची संधी न देता फोन बंद केला.

थोड्या वेळाने मेसेज आला. एकच शब्द: येतो.

मला हुश्श झालं. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला याचा थोडा गर्वही वाटला. सासूबाईंना सांगितलं, "निघाला." त्यांनी लगेच त्याच्यासाठी डाळ भिजत घातली, संध्याकाळी गरम वडे करायचे म्हणून. मी टीव्ही बंद केला आणि दुपारी चक्क झोपले.

चहाच्या वेळेला तो यायला हवा होता. फोन लागेना. घाटात रेंज नसते हे माहीत होतं, म्हणून काळजी केली नाही. मग पुण्यातही वारा सुटला. बाल्कनीतली दोरी कपड्यांसकट आपटायला लागली आणि मी घाटाचा विचार करू लागले. झाड पडलं असेल, दरड आली असेल, चाक पंक्चर झालं असेल. प्रत्येक विचारात तो गाडीत होता, कोरडा होता.

शेवटी, तो जिथे उतरला होता त्या घरचा नंबर फिरवला. फोन तिथल्या बाईंनी उचलला.

"अहो, हे तिथून किती वाजता निघाले?"

"निघाले कुठे वैनी? ते पाण्यात गेलेत."

"कधी?"

"दुपारीच. जेवायच्या आधी. मी म्हटलं वारं बरं नाही, तर म्हणाले घरी कळवलंय."

घरी कळवलंय. मी शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांचा चेहरा बघताक्षणी मला मेसेजचा अर्थ कळला, आणि त्यांनाही. तो निघाला नव्हता. नेहमीसारखं सांगून गेला होता.

"थांबा, बघून येते," म्हणून बाईंनी रिसीव्हर बाजूला ठेवला. मला तिथलं सगळं ऐकू येत होतं. पत्रा वाजत होता, कुत्रं भुंकत होतं आणि त्या सगळ्यामागे एक सलग घुमणारा आवाज होता, तो वाऱ्याचा की समुद्राचा कळत नव्हतं. सासूबाईंनी माझा दंड धरला होता, त्यांची बोटं नंतर दोन दिवस उमटलेली होती. माझ्या मनात एकच घोळत होतं, की मी त्याच्याशी शेवटचं जे बोलले ते काय होतं.

बाई धापा टाकत परत आल्या. "गाडी हाय वैनी. कपडे, फोन गाडीतच हायत. माणूस दिसत नाय. पोरांना पाठवलंय..." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

सासूबाई देवापुढे बसतील असं मला वाटलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि डाळ वाटायला बसल्या, मिक्सर असताना पाट्यावर. वाटून झाली तरी थांबल्या नाहीत. मी दाराशी बसून ते ऐकत राहिले. त्या आवाजाची मला चीड येत होती आणि तो थांबू नये असंही वाटत होतं.

अंधार पडता पडता फोन वाजला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. पाण्याने त्याला टेकाडापलीकडच्या खाडीत नेऊन सोडलं होतं आणि तिथून तो अनवाणी चालत आला होता. "फळी गेली."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मग संतापले. "येतो म्हणालास ना?"

"तू मधेच फोन ठेवलास," तो म्हणाला. "न सांगता पाण्यात कसा उतरू?"

रस्ते मोकळे झाल्यावर तो घरी आला. सासूबाईंनी त्याच्या पायांच्या जखमांना हळद लावली आणि वाटलेली डाळ फुकट गेली यावरून त्याला बोलल्या. बाकी कोणी विषय काढला नाही. पुढच्या सोमवारी तो कंपनीच्या बससाठी निघाला. बूट घातले, बॅग खांद्याला लावली आणि सवयीने म्हणाला, "येतो."

आतून उत्तर आलं नाही. सासूबाई स्वतः बाहेर आल्या.

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "जातोस की येतोस?"

तो माझ्याकडे बघू लागला. त्याचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"जातो," तो अगदी हळू म्हणाला.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "ये."