ओळ नंबर ब्याण्णव

परदेशांना द्यायच्या सरकारी मदतीची वाटणी कशी होते, असं कुणी विचारलं की टिपणबाईंना हसू यायचं. लोकांना वाटतं, मोठी माणसं नकाशा पसरून डोकं खाजवत बसत असतील. कसलं काय! एक तक्ता असतो, एकशे चाळीस ओळींचा. एका ओळीत एक काम, त्यापुढे रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात एका वाक्याचा शेरा. मंत्र्यांना वेळ मिळतो दीड तास, त्यातच चहा आला. मग ते वाचणार काय, तर फक्त शेरा. आणि शेरे लिहायच्या टिपणबाई. तेवीस वर्षं चारचारशे पानांचे अहवाल वाचून एकेक वाक्य काढायचं, म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं.

पोस्टातून निवृत्त झालेला नवरा चिडवायचा, "ऑफिसात एका वाक्यात आटपतेस, मग माझ्याच वाट्याला का गं चारशे पानं?"

त्या तक्त्यातली ओळ नंबर ब्याण्णव मात्र बाईंच्या जिवाची. डोंगरातला एक बाळंतपणाचा दवाखाना, आठ खाटा, पेशंट आणायला एक गाडी. तिथली सिस्टर अहवालाला दरवर्षी स्वतःच्या हातचं पत्र जोडायची. पहिल्या वर्षी तिनं लिहिलं होतं, एकेचाळीस बायका बाळंतपणात गेल्या. पुढच्या वर्षी एकोणतीस. मग अठरा. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचं पाकीट आलं की आधी आकडा शोधायच्या आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. यंदा पत्रात होतं, 'बाई, अकरा महिन्यांत एकही नाही.'

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी शेजारच्या दोन्ही टेबलांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि शेऱ्यात लिहिलं, 'अकरा महिन्यांत एकही माता दगावली नाही.' तेवीस वर्षांत इतकं देखणं वाक्य त्यांच्या हातून उतरलं नव्हतं.

आणि तिथंच माशी शिंकली. यंदा एकूण मदतीलाच पाचव्या हिश्शाची कात्री लागलेली. तक्ता वरून परत आला तेव्हा ब्याण्णववर लाल रेघ होती, आणि समासात मंत्र्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'छान. म्हणजे आता गरज उरली नाही.'

बाई तशाच तक्ता घेऊन उपसचिवांच्या खोलीत गेल्या. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता.

"साहेब, गरज उरली नाही म्हणजे काय? आपण औषधं देतो, गाडीचं इंधन देतो, म्हणून जगतायत ना त्या!"

"मला कळतंय हो बाई. पण शेरा तुमचाच आहे."

"मग मी दुसरा लिहून देते."

"असा बदलता येत नाही. दुरुस्तीपत्रक पाठवावं लागतं, तेही माहिती चुकली असेल तरच. चुकलीय का?"

"नाही. अगदी खरी आहे."

"मग मी काय करू, सांगा." साहेबांनी तक्ता बाईंकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "दोन-चार दगावल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती."

झालं! बाईंच्या डोक्यात किडा सोडून दिला त्यांनी. दोन दिवस बाईंना अन्न गोड लागेना. ज्या बाईनं उभ्या नोकरीत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तिनं खोटं लिहायचं? तेही मेल्याचं? शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "अगं, एक आकडा तर आहे. तिकडे दवाखाना चालू राहत असेल तर टाक लिहून आणि जेव." तिसऱ्या दिवशी बाईंनी दुरुस्तीपत्रक भरलं : 'एकही नाही' ऐवजी 'तीन' असे वाचावे. तीनच का, तर मंत्र्यांना दोन पुरतील असं वाटेना, आणि चार लिहायला हात धजेना.

आठवड्यानं तक्ता पुन्हा खाली आला. लाल रेघ जिथल्या तिथं. समासातलं जुनं वाक्य खोडून नवीन लिहिलेलं, 'काम घसरले आहे. मदत बंद.'

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, नाही मेल्या तरी बंद, मेल्या तरी बंद! मग त्या सिस्टरनं करायचं तरी काय?" मी खोटं लिहिलं, माझी चौकशी करा, असंही बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, "चौकशी होईल, तुमची आणि माझीही. पण ओळ काही परत यायची नाही. ती रक्कम एका बंदराला देऊनसुद्धा झाली."

मदत बंद झाल्याचं पत्र छापील असतं, आणि कारण लिहिणं नियमानं सक्तीचं. 'तीन मातांचा मृत्यू झाल्याने' असं टाइप होऊन ते बाईंच्याच टेबलावर सहीला आलं. त्यांनी सही केली. दुसरं काय करणार? सिस्टरला वेगळं, खरं खरं लिहावं म्हणून घरी चारदा कागद घेतला. 'प्रिय सिस्टर'च्या पुढे एक अक्षर सुचलं नाही. इतरांची चारशे पानं एका वाक्यात बसवणाऱ्या बाईंना स्वतःचं एक वाक्य लिहिता येईना, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

दीड महिन्यानं सिस्टरचं पाकीट आलं. चार शिव्या घातल्या असतील तर बरंच, असं मनाशी म्हणत त्यांनी पत्र उघडलं. पैशांची तक्रार एका ओळीत संपली होती. पुढे लिहिलं होतं :

'बाई, त्या तिघी कोण? माझ्या वहीत त्या नाहीत. गाडी बंद पडलीय म्हणून पायीच सहा गावं पालथी घातली, कुणालाच माहीत नाही. आमच्यापर्यंत पोचताच आलं नसेल बिचाऱ्यांना. चूक माझीच, मीच कमी पडले. त्यांची नावं तेवढी कळवा. घरच्यांना भेटून माफी मागायची राहिलीय.'