धैर्यशीलचा पेला

आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट दूध हातात देतात. गणपतराव तिथले जुने. तोंडानं फटकळ, पण दुधात कधी पाण्याचा थेंब नाही. कुणी नुसता संशय घेतला तरी म्हणायचे, "पावणं, तुमी जावा, नळाचं प्या." ते ऐकायला आम्ही रोजची गिऱ्हाइकं त्यांना मुद्दाम डिवचायचो.

त्यांचा नातू धैर्यशील सहा वर्षांचा. ऑटिझम आहे. बोलत नाही, नजर देत नाही, गर्दी झाली की कान झाकून घेतो. पांढरा भात आणि हे दूध, याशिवाय कशाला तोंड लावत नाही. पण म्हैस पान्हावली की आपला स्टीलचा पेला घेऊन यायचा आणि आजोबांपुढे धरायचा. अख्ख्या दिवसात तो कुणाकडे काही मागायचा ते एवढंच. त्या वेळी गणपतरावांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

गेल्या वर्षी त्याचं रक्त तपासलं, तर झिंक आणि लोह कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गणपतरावांना आणि सून संयोगिताला समोर बसवून समजावलं. खाणंच इतकं कमी, म्हणून ही कमतरता. औषधानं ती भरून निघेल, पण त्यानं बोलणं येईल असं समजू नका. औषध चमच्यानं, त्याला दाखवून द्या. थुंकला तरी घाई करू नका.

गणपतरावांनी त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. म्हशीच्या अंगात क्षार कमी पडले की पेंडीत भुकटी कालवून घालायची आणि म्हैस सुधारायची, हे त्यांनी जन्मभर केलेलं. "जनावराला लागू पडतंय, मग माझ्या पोराला का न्हाय? दिवाळीला बोलतंय का न्हाय बघा," असं आम्हाला ठासून सांगितलं. आणि म्हशीला दाखवून कोण औषध घालतं? त्यांनी पेल्याच्या तळाशी औषध आधीच ओतून ठेवलं आणि वरून धार काढली.

धैर्यशीलनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि कान झाकून भिंतीकडे तोंड करून बसला. रडला असता तर बरं झालं असतं.

औषध आता तो आईच्या हातून चमच्यानं घेतो. तोंड वाकडं करतो, पण घेतो. नवा रिपोर्ट चांगला आला. बोलत मात्र नाही, आणि पेला घेऊनही येत नाही. आमचा जीव तुटतो, पण करणार काय? गणपतरावांना डिवचणं आम्ही बंद केलंय.

परवा एका नवख्या गिऱ्हाइकानं विचारलं, दुधात पाणी नाही ना? आम्हाला वाटलं, आता हा नळावर जाणार. गणपतराव हळूच म्हणाले, "एकदाच भेसळ केलीया मी. घरच्या पेल्यात."

मग त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या नातवाचा पेला विसळला, पालथा करून त्याला दाखवला, त्याच्यासमोर धार काढली आणि उकिडवं बसून पेला पुढं धरला. फेस बसेपर्यंत धरून राहिले. धैर्यशीलनं दोन्ही हात पाठीमागं नेले.