तिरुपतीचा लाडू

न्हावऱ्यात सर्जेराव आण्णांचं दूध संकलन केंद्र आहे. मी रोज तिथंच दूध घालतो. माणूस दिलदार, बोलायला मोकळा, पण डोक्यावर चाळिशीतच मैदान पडलेलं. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. कुणी चेष्टा केली तर स्वतःच टकलावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आमचं रान कोरडवाहू हाय." मग त्यांच्या लेकीला, प्रांजलला, बघायला खुटबावचे पाहुणे आले. चहाचा ट्रे फिरायला लागला तसा मुलाचा चुलता म्हणाला, "आधी आजोबांना द्या." आजोबा म्हणजे आमचे आण्णा, वय बावन्न. सगळे हसले, आण्णाही हसले. पाहुणे गेल्यावर मात्र ते मोटारसायकलच्या आरशात बराच वेळ बघत राहिले, आणि तिथून त्यांची मती फिरली.

पुण्यात केस लावून मिळतात हे त्यांना मोबाईलवर कळलं. मागचे उपटायचे आणि पुढं लावायचे, कांद्याच्या रोपांसारखे. पण त्याआधी सगळं डोकं भादरावं लागतं. घरात कुणी गेलेलं नसताना भादरलेलं डोकं दिसलं की सारं गाव विचारणार. आण्णांनी तोड काढली. तिरुपतीला चाललो, म्हणून सांगितलं. खरं काय ते फक्त बायकोला, सुलक्षणाला, ठाऊक. पुण्यात लॉजवर राहिले, काम उरकलं आणि येताना मिठाईच्या दुकानातून बुंदीचे लाडू बांधून आणले. गावभर प्रसाद वाटला. मीही डोळ्याला लावून खाल्ला.

त्यांच्या आई, दगडाबाई, तेव्हा अंथरुणाला खिळून होत्या. म्हातारीनं लाडू कपाळाला लावला.

"देवाला केस दिलंस, बरं केलंस बाबा," त्या म्हणाल्या. "माझं काय कवा जाणं झालं न्हाई. ये हिकडं, हात फिरवू दे डोक्यावरनं."

आण्णा टोपी काढेनात. हात लागला तर नवे केस निघतील, ही धास्ती. "ऊन बाधलंय, आई," म्हणाले. शेवटी म्हातारीचा हात टोपीवरूनच फिरला. पुढच्याच आठवड्यात ती गेली.

दहाव्याला ओढ्याकाठच्या घाटावर माणूस मावत नव्हता. गवळी, सोसायटीचे संचालक, खुटबावचे पाहुणेसुद्धा आलेले. आमच्याकडं आईबाप गेले की दहाव्याला लेकांनी डोकं भादरायचं. त्यातून कुणाची सुटका नाही. थोरले बन्सीदादा दादाभाऊ सलूनवाल्यापुढं बसले, गोटा करून उठले. मग आण्णांची पाळी आली, आणि आण्णा उभेच राहिले. काही महिने वस्तरा लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं.

"माझं तिरुपतीला दिल्यात," ते म्हणाले.

"देवाचं देवाला, आईचं आईला. बस," बन्सीदादा म्हणाले.

"नगं दादा. नुसत्या मिशा काढा."

दादांना वाटलं, धाकट्याला रडू कोसळतंय. त्यांनी त्याला पोटाशी धरलं आणि मायेनंच त्याची टोपी काढली.

कपाळापासून टाळूपर्यंत तांबड्या ठिपक्यांच्या ओळी. आधी कुणाला काही उमजेना. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "तिरुपतीला लागवड बी करून देत्यात व्हय?" आणि दहाव्याच्या घाटावर माणसं हसली. तोंडावर उपरणं धरून, खाली बघून, पण हसली. आण्णांचे कान लाल झाले. जमिनीनं पोटात घ्यावं असं त्यांचं तोंड झालं होतं.

बन्सीदादा हसले नाहीत. टोपी परत भावाच्या डोक्यावर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आईनं कपाळाला लावला, त्यो लाडू कुठला?"

अजून वेळ गेली नव्हती, दादाभाऊ वस्तरा हातात घेऊन थांबला होता. तरी आण्णांनी मिशा तेवढ्या काढून घेतल्या आणि बाजूला झाले.

लावलेले केस आधी गळाले, मग पुन्हा आले. दाट आले, काळेभोर आले. प्रांजलचं लग्न खुटबावला नाही, केंदूरला जमलं, तिथं कुणी त्यांना आजोबा म्हटलं नाही. पण आण्णा केंद्रावर मान वर करून बोलेनात. भर उन्हाळ्यात टोपी कानापर्यंत ओढलेली. लोक केव्हाच विसरले होते, त्यांना मात्र प्रत्येक हसणं आपल्यावरच वाटायचं. एकदा दूध मोजता मोजता मला म्हणाले, "लोकांचं जाऊ दे रं. म्हातारीला मी हात फिरवू दिला न्हाई, ह्याची लाज वाटती."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी दादाभाऊच्या दुकानात दाढीला बसलो होतो. आण्णा आले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सगळं काढ. वस्तरा लाव."

असं कुणी सांगितलं की आमच्याकडं एकच गोष्ट विचारतात. दादाभाऊचा हात थांबला.

"कोण गेलं, आण्णा?"

"आई."

"आन् त्या तर गेल्या साली गेल्या."

"व्हय," आण्णांनी मान खाली घातली. "तवा मला केस राखायचं व्हतं."