हातात दिलेली जुनी चेन

मला पोलीस खात्यातून निवृत्त होऊन फार दिवस झाले नाहीत. तरी एखादी मोटार सुरू होताना खडखडली की ती केस डोक्यात जागी होते. खून नव्हता, दरोडा नव्हता. पण एका सरळ माणसाची रोजीरोटी जायची वेळ आली होती.

माजिवड्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर एक टॅक्सी चालता चालता बंद पडली आणि मागून टेम्पो आदळला. टॅक्सीतल्या ठाकुर्लीच्या आजींच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या मुलाने फिर्याद दिली, की ड्रायव्हरने नादुरुस्त गाडी रस्त्यावर आणली. ड्रायव्हर दिव्याला राहणारा, टॅक्सी त्याची स्वतःची. जबाबात त्याचं एकच पालुपद. "साहेब, टायमिंग चेन मी बदललेली. जुनी हातात घेऊन बघितलेली. आता माझ्या गाडीत कोण बसणार?"

ही चेन इंजिनाच्या पोटात असते. झिजली की वाजते, तुटली की चालतं इंजिन बंद. मोटार वाहन निरीक्षक आणि पंचांसमक्ष इंजिन उघडलं. चेन झिजून तुटलेली. तिला ताणून धरणारा टेन्शनर मात्र कोरा करकरीत. नुसता टेन्शनर बदलला तरी काही दिवस आवाज थांबतो, असं निरीक्षकांनी सांगितलं.

ज्याच्याकडे काम केलं होतं त्या गॅरेजवाल्याला चौकशीला बोलावलं. तोंडात साखर. "साहेब, मी याला हात जोडून सांगितलं, चेन टाक. हा म्हणतो, फक्त आवाज बंद कर." पावती नव्हतीच. वरिष्ठ म्हणाले, दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा. पण माझं मन मानेना. त्या जुन्या चेनचं हाताला लागलेलं काळं तेल साबणानेही निघालं नाही, हे ड्रायव्हर न विचारता सांगत होता. थापा मारणारा इतका खोलात जात नाही.

मग टॅक्सी स्टँडवरच्या एका ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं. "साहेब, मी पण तिकडेच चेन टाकलेली. जुनी दाखवली तिची एक कडी वाकडी होती. माझ्या भावाला दाखवली ती पण सेम."

आपल्याकडची रीतच आहे. नवा पार्ट टाकला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे विश्वास बसतो. तेलकट वस्तू घरी कोण नेणार? ती तिथेच राहते. मी सापळा लावायचं ठरवलं.

आमचा हवालदार साध्या कपड्यांत आपली गाडी घेऊन गेला. त्याला "तुमची जुनी चेन" दाखवली, तेव्हा त्याने गुपचूप बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका एका कडीवर लावला. पुढच्या आठवड्यात आमची महिला शिपाई दुसरी गाडी घेऊन गेली. "बघा ताई, केवढी झिजलीय तुमची!" चेनवर लाल ठिपका. तिने इशारा केला आणि आम्ही पंचांसह आत शिरलो.

शेठला पोलीस ठाण्यात आणून चेन टेबलावर ठेवली. "शेठ, ही कोणाच्या गाडीची?"

"त्या ताईंच्या."

मी हवालदाराला आत घेतलं. त्याने खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. "माझ्या बायकोचा रंग त्या ताईंच्या इंजिनात कसा गेला हो?"

शेठ पाणी प्यायला आणि बोलता झाला. पैसे नव्या चेनचे घ्यायचा, बदलायचा फक्त टेन्शनर. दिव्याच्या ड्रायव्हरलाही त्याने हीच चेन दाखवली होती. गुन्ह्याचा रोख बदलला. आरोपी गॅरेजवाला झाला, ड्रायव्हर साक्षीदार.

या केसने मला शिकवलं, की हातात पुरावा पडला की माणूस प्रश्न विचारायचं सोडतो. फसवणारा नेमकं तेच हेरतो. तेव्हापासून पुढे आलेल्या प्रत्येक वस्तूला मी आधी विचारत आलो, तू आलीस कुठून?

गाडी दुरुस्त झाल्यावर ड्रायव्हर आजींना भेटायला निघाला. एकट्याचा धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. दारात मुलगा मान खाली घालून उभा होता. आजींनी ड्रायव्हरला खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "परवा मला डॉक्टरकडे जायचंय. रिक्षात पाय दुमडत नाही. तुझी गाडी घेऊन ये रे."